ढगापूरची गोजरा

...आणि वर आम्हालाच विचारतात, गोष्ट सांगण्यात एवढं काय अवघड आहे? तुम्हाला सांगतो, राजाला सिंहासनावर बसवायला काही लागत नाही, एक वाक्य पुरतं. पण ते सिंहासन सकाळी झाडून कोण घेतं, असं विचारणारी दगडाबाई हातात हातोडी घेऊन समोर बसली असेल तर? मग बसवा राजाला! आमच्या आसारामानं बसवून बघितला बिचाऱ्यानं. त्याचं काय झालं ते ऐका, आणि मग तुम्हीच सांगा, यात आसारामाचं काय चुकलं?

बहात्तरचा दुष्काळ. पारनेरच्या अलीकडं सडकेचं दुष्काळी काम निघालेलं आणि अख्खं गाव खडी फोडायला. घरी खायला रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकर अशी की ती खायची का तिच्याशी कुस्ती धरायची तेच कळायचं नाही... जाऊ द्या, भाकरीचं नंतर. तर कामावर टोळ्या असायच्या. टोळीनं फोडलेल्या खडीचा ढीग एकच, मोजणी एकच, मजुरी वाटून. आमच्या टोळीत सगळ्या बाया, गडी दोनच. एक मी, म्हातारा, स्वतःचं टोपलं उचलण्यापेक्षा दुसऱ्याचं लपवण्यात हुशार. दुसरा आसाराम. आसारामाचा उजवा खांदा बैलानं धडक देऊन उतरवलेला. हातोडी वर जायची, पण खाली येताना त्याचा जीव बरोबर घेऊन यायची. दोन दिवसांत गडी हळद लावल्यासारखा पिवळा.

तेव्हा टोळीची कारभारीण राहीबाई म्हणाली, "आसाराम, तू तोंड चालीव, आमी हात चालिवतो. गोष्टीच्या नादात चार दगूड जास्त फुटत्यात. पन ज्या दिशी गोष्ट रंगनार न्हाई, त्या दिशी हातुडी तुझी."

झालं, ठरलं. आसाराम चौथी पास, मी तिसरीतून पळालेला, म्हणजे टोळीतला पंडित तोच. त्यानं राज्य काढलं ते थेट ढगावर. ढगापूर! सोन्याचा वाडा, पंखाचे घोडे, आणि राजकन्या, तिला राक्षस काखेत मारून निघालेला. तुम्हाला सांगतो, हातोड्या थांबल्या. आसारामानं श्वास घेतला, आता बाया विचारणार 'पुढं काय?'... आणि दगडाबाईनं काय विचारावं?

"ढगावर सरपन कसं वाळतं रं? समदं वलंच आसंल की."

आता राक्षस तिकडं राजकन्या घेऊन उभा, त्याचा हात अवघडला, आणि यांना सरपणाची पडलेली! पण आसारामानं एकदा हातोडीकडं बघितलं, एकदा खांद्याकडं, आणि म्हणाला, ढगाच्या वरच्या अंगाला दिवसभर उघडं ऊन असतं, तिथं गोवऱ्या थापल्या की माघारी वळेपर्यंत वाळतात. बायांनी माना डोलावल्या. हातोड्या सुरू. राक्षस तसाच उभा.

मग पाण्याचं निघालं. ढगावर पाणी बुडाखालीच, तेव्हा घराघरात भुईला भोक, त्यातून पोहरा सोडायचा, दोर सुटला तर पोहरा खाली माणसांच्या टाळक्यात. हे सगळ्यांना पटलं. उडताना घोड्यांच्या मागून खाली काय पडतं, हे मात्र मी विचारलं, तर राहीबाईनं असं बघितलं की मी गुपचूप टोपलं उचललं. बरं, वाड्यावर पाणी ओढतं कोण? दासी. दासीला नाव नाही का? आसाराम म्हणाला, चंपकमाला. टोळी पोट धरून हसली. "पानी भरनारनीचं नाव चंपकमाला?" दगडाबाई म्हणाली. "हाक मारूस्तवर घागर भरून वाहून जाईल की." मग तिचं नाव गोजरा ठेवलं आणि तिथून आसारामाची गोष्ट त्याची राहिलीच नाही.

गोजराला नवरा आला. नवरा आला म्हटल्यावर सासू आली, ढगावर झालं म्हणून काय झालं, सासू कुठं चुकते? सासू भाकरीच्या दुरडीवर फडकं टाकून त्यावर बसणारी. गोजराचं खोपट ढगाच्या पार काठाला, कारण मधली जागा वाड्यानं खाल्लेली, आपल्याच गावासारखं. बाया सकाळी येताच विचारायच्या, रात्री गोजरा जेवली का? राजकन्येचं कोणी नाव काढीना. मी एकदा काढलं, तर दगडाबाई म्हणाली, राक्षसाच्या घरी तरी तिला पाणी भरावं लागत नसंल.

आता असल्या गोष्टीत रंग कुठून भरायचा? आसारामानं डोकं लढवलं. तो म्हणाला, खाली पाऊस पडतो म्हणजे काय होतं? वर ढग विरतो! ढगापूरची जमीन वाहून जाते, आणि काठ आधी जातो. म्हणून तिथली माणसं पावसाला भितात. मग त्यानं वरून फोडणी दिली की गोजरा गरोदर आहे, दिवस भरत आलेत. घरी जाताना माझ्या कानाशी लागला, "तात्या, उद्या खोपट पाडतो. बघच कशा रडत्यात." खांदा वाचवायचा तर रडवायला नको? यात आसारामाचं काय चुकलं?

आणि दुसऱ्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, दुपारी खरोखरचा ढग आला! काळा, तव्याच्या बुडासारखा. कित्येक महिन्यांत ढगाचं तोंड बघितलेलं नाही. बाकीच्या टोळ्या हातोड्या टाकून उभ्या राहिल्या, कोणी ओंजळ पसरली, मच्छिंद्र मुकादमानं टोपी काढून वर उडवली. आणि आमची टोळी? राहीबाईनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आज नगं रं बाबा. तिचे दिस भरल्यात."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी मयतीलाही हसलेला माणूस आहे. दगडाबाईची विहीर कोरडी ठाक, तीसुद्धा पदराआडून पुटपुटली, बरसायचं तर उद्या बरस.

मुकादम पळत आला. या बाया पावसाला बघून तोंड पाडून का बसल्यात? मी म्हणालो, "आमच्यातली एक अडलीय." झालं! मच्छिंद्र ओरडत सुटला, गाडी जुंपा, पारनेरच्या दवाखान्यात न्या, कुठाय ती? मी वर बोट केलं. म्हणालो, "तिथवर गाडी जायची नाही, मुकादम."

इकडं राहीबाईनं हातोडी आसारामाच्या मांडीवर ठेवली. "सोडीव तिला. पयला थेंब पडायच्या आत."

आता आसाराम काय सोडवणार? त्याला बाळंतपणातलं एवढंच ठाऊक, की गड्यानं बाहेर बसून बिडी ओढायची. तो घामानं निथळलेला, वर गडगडायला लागलेलं, आणि बाया चहूकडून कोंडाळं करून. पाणी तापत ठेवलंस का? सुईण कुठाय? सुईण वाड्यावर गेलीय, तो म्हणाला. मग सासू कुठाय? सासू... दुरडीवर बसलीय. "उठीव तिला," राहीबाई म्हणाली, आणि आसारामानं उठवली हो! सासू उठली, दुरडी उघडी टाकली, गोजराच्या पाठीशी बसली, तिला छातीशी आवळून धरलं. खाली काठ विरतोय, भिंतीची माती सुटतेय, सासू म्हणतेय, सोडायची न्हाई मी तुला. टोळीतल्या बायांनी एकमेकींचे हात धरलेले. मी माझाच धरलेला.

"रडलं," आसाराम म्हणाला.

"काय झालं?"

"पोरगी." आणि भीत भीत बघायला लागला.

"आली बाई पानी भराया आनखी येक," दगडाबाई म्हणाली, आणि जी हसायला लागली, हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली, की सगळ्याच लागल्या. आणि ढग? ढग गेला श्रीगोंद्याच्या अंगाला, थेंबसुद्धा न टाकता. बाकीच्या टोळ्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. आमच्या बाया तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. राहीबाई म्हणाली, "जाऊ दे. लेकराला घिऊन सुखरूप गेली." कोणाच्या तरी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा निघाला, त्याचे कणकण वाटले, मुकादमालाही दिला, त्यानं कशाचा ते न विचारता खाल्ला. आणि आसाराम खडीच्या ढिगावर असा आडवा झाला, जशी काही कापसाची गादी. तुम्हाला सांगतो, इतकं हलकं मला माझ्या पोरांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

सकाळी गडी न्हाऊन, भांग पाडून आपल्या जागी. म्हणाला, "तर गोजरा उठली, घागर घेतली आणि..."

"कुटं उठली?" राहीबाई म्हणाली. "बाळंतीन हाय ती. सव्वा म्हयना खाटंखाली पाय ठिवायचा न्हाई."

"मंग राजकन्येचं सांगतो."

"तिला काय धाड भरलीय? बाळंतीन झोपलीय, गलका करू नगंस." आणि बारकी हातोडी काढून त्याच्या डाव्या हातात दिली. "डाव्या हातानं हान. हळूहळू."

मी म्हणालो, आसाराम, बोल की काहीतरी, तुझंच राज्य ना ते? त्यानं एक दगड पुढं ओढला, त्यावर टुक्क करून हातोडी मारली, आणि उसासा टाकून म्हणाला, "सव्वाच म्हयना हाय. बरं झालं तात्या, जुळी न्हाई झाली."