विसाव्या फेरीचं वाक्य

— पट्टा सोडा आधी, साहेब. ओळखपत्र माझ्या गळ्यात आहे, गळाही माझाच आहे, आणि ओढून त्यातून गोष्ट बाहेर पडायची नाही. काय म्हणालात, मी शर्यत अडवली? माझ्याकडे पाण्याचं टेबल, तुमच्याच कागदावर लिहिलंय — येणारीला पेला द्यायचा, उत्तेजनाचे दोन शब्द बोलायचे. मी बोलले. त्या थांबल्या. चालण्याची शर्यत तुमची, धावली की बाद. पण थांबली की बाद, असं कुठं लिहिलंय? — हो, सातजणी, मोजता येतं मला. सात देशांच्या सात पोरी, समोर दोनशे पावलांवर शेवटची रेघ, आणि एक हलेल तर शपथ. दहा दिवस सरावाला पाणी पाजलंय मी यांना. त्या लांबडीनं आईचा फोटो दाखवला, ह्या बुटकीच्या अंगठ्याला रोज पट्टी मी बांधली. भाषा कसली डोंबलाची — वीस शब्द आणि दोन हात पुरतात. तर आज पहिल्याच फेरीत लांबडी विचारते, तुझा नवरा? आता ती थोडीच थांबून ऐकणार? म्हणून दर फेरीला एक वाक्य. 'होता.' पुढच्या फेरीला, 'एका सकाळी चहा न पिता निघाला.' मग, 'बॅग घेऊन.' बाकीच्यांनीही कान टवकारले, त्याला मी काय करू? मागच्या पोरी पुढच्यांना गाठायला लागल्या त्या ऐकायला, आणि तुम्हा लोकांना वाटलं चुरस.

अठराव्या फेरीला सांगितलं, 'मी मागोमाग निघाले, घरातल्या सपाता घालून.' एकोणिसाव्या फेरीला, 'कोपऱ्यावर त्यानं वळून पाहिलं.' — तीनदा पाहिलं हो. हे त्यांनाही नाही सांगितलं, तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे. एकदा बघणारा माणूस जातोच; पण तीनदा बघणारा... असू दे. चाळीस वर्षं झाली. मला काही वाटत नाही. डोळ्यांत ऊन जातंय, टेबलावर छत्री द्या म्हणून पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि आता विसावी, शेवटची फेरी, नि ह्या सगळ्या इथंच ठाण मांडून मला विचारतायत — गाठलंस का त्याला?

सांगते की. पण ओळखपत्र माझ्याकडेच राहील, आणि उद्या पुरुषांच्या शर्यतीलाही हे टेबल माझं. कबूल? मान नका हलवू, तोंडानं बोला. हां. आता सरका, त्यांना माझं तोंड दिसू दे. आणि तुम्ही कशाला पुढं वाकलात, साहेब?

"धावले असते तर गाठलं असतं, पोरींनो, मी चालत गेले."