शामरावांच्या गाडीचा चिमटा

...आणि वर मलाच विचारतात, ‘भूषण, तू नेमकं केलंस तरी काय?’ काय केलं? काळाचौकीच्या आमच्या चाळीखाली दोन हातांत मागचं चाक धरून सहा दिवस उकिडवा बसलोय, दुसरं काय करणार! आणि काम केवढं? एका बुशचं. तुम्हाला सांगतो, एका बुशचं काम होतं हो!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही पण मलाच दोष द्याल. आमचे बाबा, शामराव, वय वर्षं शहात्तर. त्यांची मोटारसायकल एक्क्याऐंशी सालची, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी, आणि घरात मानही तिलाच मोठा. चौदा एप्रिलला आमच्या चाळीची मिरवणूक निघते ना, तिच्यात सगळ्यात पुढे निळा झेंडा लावून बाबांची गाडी. गाडी घेतली त्या सालापासून! गिरणी बंद पडली, मोतीबिंदू झाला, पण पुढे बाबाच. पांढरा शर्ट, पांढरी पँट, इस्त्री आई स्वतः करणार, आणि वेग किती? मुंगीने ओव्हरटेक करावं इतका. तर गेल्या वर्षी गाडी मागून अशी डुलायला लागली, अशी डुलायला लागली, की बाबा थेट बेंजोवाल्यांत! लागलं नाही हो कुणाला, पण मिरवणूक थांबली. यंदा कमिटीचा हितेंद्र घरी आला, माझ्याच वर्गातला हा, जय भीम झाला, चहा झाला, आणि हळूच म्हणतो, ‘काका, रविवारी ट्रायल घेऊ. गाडी सरळ चालली तर तुम्ही पुढे. नाहीतर... यंदा टेम्पो.’ टेम्पो! बाबांनी तो शब्द ऐकला आणि चहा अर्धा ठेवला. बाबांनी! चहा! अर्धा!

मग मी गाडी ढकलत लालबागला मेकॅनिककडे. त्याने मागचं चाक धरून हलवलं, खडखड, खडखड. ‘चिमटा गया, साब.’ चिमटा म्हणजे काय, मागचं चाक धरून ठेवणारे ते दोन दांडे. ते एका रॉडवर वरखाली होतात, आणि मध्ये बसतो बुश. बोटाएवढी पितळी नळी! ती झिजली की चाकाला वाटेल तिकडे जायची मोकळीक. म्हटलं, टाक नवीन. तर हसला. ‘इसका बुश अब म्यूझियम में मिलेगा.’ मग काय, आलो परत ढकलत... भर उन्हात... आणि काम कशाचं? एका बुशचं!

वर गॅलरीत कोण उभे? शेजारचे कुशाबाकाका. तीस वर्षं गिरणीत फिटर. गिरणी गेली, पण अर्धी अजून त्यांच्या खाटेखाली आहे. ‘झिला, नवो बुश कशाक? मी करून देतंय!’ खाटेखालून गिरणीतल्या मागाचा जुना पितळी तुकडा काढला, ओळखीच्या लेथवर कापून आणला, आणि दोन दिवस कानस मारून, जीभ बाहेर काढून, ठोकून बसवला. काय बसवला म्हणता! मी चिमटा उचलतो, हलत नाही. दाबतो, हलत नाही. म्हटलं, ‘काका, हे जाम झालंय.’ ‘मगे! गिरणीत माझो बुश कधी हलूक नाय!’ अहो काका, बुश नाही हलला तरी चालेल, चिमटा तर हलला पाहिजे ना! खड्डा आला की गाडीने हलायचं की माणसाने? ऐकतील तर शपथ. शेवटी बाबांना मागे बसवून एक फेरी मारली. गटाराच्या एका झाकणावरून गेलो फक्त. बाबा उतरले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘कुशाबा, गिरणी का बंद पडली ते आज कळलं मला.’ झालं! दोघांचा अबोला. निरोप माझ्यामार्फत. ‘तुझ्या बापाशीक सांग...’ ‘त्या फिटरला सांग...’ मी मधे, हातात ग्रीस.

पण कुशाबाकाका मानी माणूस. बुश काढला, परत घासला, चिमटा लोण्यासारखा हलायला लागला. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सूत ताणून, मागचे दोन्ही बोल्ट फिरवून चाक असं सरळ रेषेत आणलं की केसभर फरक नाही. अख्खी गॅलरी टाळ्या वाजवते!

रविवारी ट्रायल. हितेंद्रने चुन्याची रेघ मारली. बाबांनी किक मारली, निघाले, आणि दहा पावलांत उजवीकडे... शहाळ्यांच्या ढिगात! परत. परत उजवीकडे, शहाळी! तिसऱ्यांदा शहाळेवालाच उठून ढीग हलवायला लागला. मग हितेंद्र स्वतः बसला. गाडी कशी गेली? पट्टी ठेवून आखल्यासारखी! उतरला, मान खाली घातली आणि म्हणाला, ‘काका, गाडी एकदम ओके. गाडीच पुढे राहील. फक्त... चालवणारा दुसरा बघू.’

बाबा झेंड्याची काठी रिकामीच धरून उभे राहिले. बघवत नव्हतं हो.

तेवढ्यात गॅलरीतून आई. जाईबाई म्हणजे आवाज थेट नाक्यापर्यंत! ‘अरे शहाण्यांनो, किती वर्षं ती गाडी डावीकडे ओढत होती आणि हे उजवीकडे दाबत होते! आता ओढणारं कुणी उरलं नाही, हे दाबतायत अजून! होती तशी वाकडी करून द्या त्यांना!’

हितेंद्र म्हणाला, ‘चालेल. उद्या संध्याकाळी परत ट्रायल. रेघेवर चालली की झालं, कशी का चालेना.’

आता वाकडं करायचं, पण किती? तुम्ही सांगा, किती? कुशाबाकाका मलाच विचारतात, ‘आदी मोजून ठेवलंस नाय?’ एवढ्या वर्षांचा वाकडेपणा, मोजतो कोण? म्हणून सकाळपासून मी मागे पाना घेऊन बोल्ट फिरवतोय, आणि बाबा सीटवर डोळे मिटून बसलेत, हँडल धरून, अंदाज घेत. ‘अजून थोडं... अजून... अंहं, जास्त झालं.’ मी परत फिरवतो. पाव आटा इकडे. अर्धा आटा तिकडे. एका बुशचं काम होतं हो... आणि आत्ता, बरं का, आत्ता बाबांनी डोळे उघडले, वळून माझ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाले,

‘भूषण, एवढा शिकलास... जरा नीट वाकडं करता येत नाही तुला?’