उम्म अल कुवैनची बिर्याणी

फुकटाचं काही दिसलं की आमचा मित्र नितीन आधी दोन पावलं मागे सरकतो. परवा शनिवारी दुपारी त्याला घेऊन दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला हौशी टीमची फुटबॉल मॅच बघायला गेलो. प्रेक्षक म्हणजे आम्ही दोघं आणि एक म्हातारे अरब गृहस्थ. ते उठून आले, बिर्याणीचे दोन डबे पुढे केले आणि म्हणाले, "खाओ हबीबी, मॅच लंबा है."

नितीन माझ्या कानाशी लागला. "हात लावू नकोस. आधी खाऊ घालतात, मग मोबाइल नंबर घेतात, मग फ्लॅट गळ्यात मारतात."

"अरे, वास तर घे!"

"म्हणूनच म्हणतोय. एवढं मटण कुणी उगाच घालत नाही."

मी खायला लागलो. मग थंड पाणी आलं, खजूर आले. नितीनच्या कपाळावरची आठी वाढतच गेली. शेवटी भुकेपुढे त्याचंही काही चालेना. पण दोन घास पोटात जाताच त्याने विचारलंच, "चाचा, हमसे क्या चाहिए?"

म्हातारबुवांनी गोलपोस्टकडे बोट दाखवलं. "वो गोलकीपर मेरा बेटा है. थोडा ताली बजाओ."

तेवढ्यात बॉल त्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून आरामात आत गेला. म्हातारबुवा आमच्याकडे बघायला लागले. मी डब्यात तोंड खुपसलं. नितीन मात्र उठला आणि जोरजोरात टाळ्या वाजवत ओरडला, "शाब्बास! बहुत अच्छा ट्राय!"

खाली बसत मला म्हणाला, "ह्यापेक्षा फ्लॅट परवडला असता."