दारातलं पिनबॉल

खांदेश्वरच्या दवाखान्यात नवराबायको माझ्या शेजारीच बोलत होते. चोरून ऐकायची सवय मला नाही, कान तेवढे शाबूत आहेत.

"अहो, जुनं पिनबॉल मशीन घेतलंत, बिल मागितलंत का?"

"नाय. नंबरपण खरवडलेला हाय."

"मग चोरीचंच! परत देऊन या."

"गेलो होतो, दमयंती. विकणारा परत घेईना. बोलला, खरा मालक मेलाय, पण मशीनची पाठ सोडत नाय."

"आणि तुमी ते घरी आणलंत?"

"घरात कुठं? टेम्पोतच हाय, दारात."

"अहो, आत्ताच आईंचा फोन होता. नवी वस्तू आली म्हणून त्यांनी दारात जाऊन तिला हळदकुंकू लावलं. बोलल्या, 'ये बाबा, घर तुझंच समज.'"

"मग?"

"मशीनमागून कोणीतरी 'आलो' म्हणालं. आई चहा ठेवतायत त्याला."