काकांच्या खांद्यावरची तिरपी शाल

आदरणीय अध्यक्ष बळवंतराव, आजचे सत्कारमूर्ती मुरलीधरकाका, शेजारी बसलेल्या इंदुमतीकाकू, नोएडा-गुडगावहून दोन-दोन बस बदलून कोपर्निकस मार्गावर पोचलेले मंडळाचे सभासद आणि पहिल्या रांगेतले पुण्याचे पाहुणे, म्हणजे काकांचे होणारे व्याही, सर्वांना नमस्कार.

मी आशय. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षातच सोडलं, आता मानेसरला गाड्यांचे पार्ट तपासतो. काका सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहकुटुंब पुण्याला निघालेत. त्यांच्याविषयी बोलायला मला कुणी बोलावलं नव्हतं. "आणखी कुणाला बोलायचंय?" असं अध्यक्षांनी विचारलं, आणि मी उठलो.

मघाशी सत्काराच्या वेळी सगळे हसलात ना? मंडळाची शाल सेक्रेटरी घरीच विसरले. तेव्हा काकांच्या मुलीनं, तनयानं, पिशवीतून ही पांढरी जाळीची शाल काढून दिली. "ही घ्या, कोरीच आहे." काकांच्या अंगावर ती एकीकडे गुडघ्यापर्यंत लोंबली, दुसरीकडे कोपरालाही पोचेना. मागून कुणीतरी म्हणालं, "यार, विणणारी मध्येच झोपली वाटतं!"

विणणारा मी. झोपलो नव्हतो.

आठ महिने कंपनीच्या बसमध्ये विणत होतो. "भाभी, हमारी टोपी कब बनेगी?" हे बसमधल्या पोरांचं रोज ऐकत होतो. डावीकडे प्रत्येक ओळीला एक टाका वाढवला, उजवीकडे चार ओळींनी एक. का? काका, तुम्ही सांगता? मी तनयाला मागणी घालायला आलो, तेव्हा तुम्ही मला दारातच विचारलं होतंत, "डिग्री अर्धवट, त्यात हे विणकाम! आमच्या मुलीला काय लोकर खाऊ घालणार?"

बिल्कुल, मी अर्धवट. पण पाहुण्यांना पाठवलेल्या प्रत्येक फोटोत तनयाच्या डाव्या खांद्यावर ओढणी का असते, हे सांगितलंत त्यांना? लहानपणी ती जिन्यावरून पडली, हाड वाकडं जुळलं, खांदा चार बोटं खालीच राहिला. सरळ शाल तिच्या अंगावर टिकत नाही. ही टिकते, म्हणून तिला दिली होती. पाहुणे मंडळी, आमच्या कारखान्यात असा पार्ट आला की बाजूला काढतात. मी काढला नसता.

काकू, रडू नका. काका, बसा, माझं संपत आलंय.

काय म्हणालीस, तनया? चलो, इथे येऊन माइकवर सांग. नाही? मग मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मीच सांगतो. ती म्हणते, "त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलंय. मुलानं खांद्याकडे पाहिलंही नाही, चहा गार होतोय म्हणाला. तुला मात्र मी कधीच काही सांगितलं नव्हतं, आशय. चार वर्षं तू तेवढंच बघत होतास?"

...अच्छा.

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, आभारी आहे. काका, शाल काढू नका, बाहेर थंडी आहे. भाषणात काही राहिलं असेल तर राहू दे. जे बोललो, त्याबद्दल या सभागृहानं मला माफ करावं. तिची माफी मागायला हवी होती, पण ती उठली आहे. दाराशी उभ्या असलेल्यांनी जरा बाजूला व्हावं. तिला जाऊ द्या.