टेबल हलता कामा नये

...आणि वर मलाच विचारतात, 'मध्ये कशाला आलास?' आता तुम्हीच सांगा, दहा बाय बाराची प्रयोगशाळा, त्यात दोन विद्वानांची मारामारी, आणि बशा मांडणारा मी एकटा. मध्ये नाही येणार तर काय भिंतीत शिरणार? पण नाही, टेबल हलता कामा नये!

तुम्हाला सांगतो, काम अगदी साधं. काचेच्या बशीत तांब्याच्या क्षाराचं पाणी ओतायचं, काही बशांत होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब, काहींत नुसतं साधं पाणी, आणि सुकू द्यायचं. कुठल्या बशीत काय, ते बंद पाकिटात. सुकलं की स्फटिकांची नक्षी उमटते. डॉक्टर म्हणतात, औषधाची वेगळीच उमटते. सर म्हणतात, डोंबलाची वेगळी! त्यात सर म्हणजे डॉक्टरांचे सख्खे मेहुणे, त्यामुळे शास्त्रचर्चा दुसऱ्या वाक्यालाच खानदानावर जाते. एकमत एकाच गोष्टीवर... सुकताना टेबल हललं तर नक्षी गेली, आणि नक्षी गेली की माझी नोकरी गेली.

तर काल बशा अर्धवट सुकलेल्या. डॉक्टर चौथीवर वाकले. 'बघा भाऊजी, औषध बोलतंय.' सर म्हणाले, 'पाणी आहे ते.' झालं! डॉक्टरांनी कॉलर धरली, सरांनी कानाखाली काढली... पण कशी? तर टेबलापासून दोन पावलं लांब जाऊन, चवड्यांवर, शिव्यासुद्धा कुजबुजत! अहो, इतकी शिस्तीची हाणामारी उभ्या जन्मात पाहिली नाही. डॉक्टरांनी सरांच्या डोक्यात स्टूल घातलं आणि ते खाली पडायच्या आत दोघांनी मिळून झेललं. सरांचा दात निखळला, तो डॉक्टरांनी तळहातावर घेतला. का? टेबल हलता कामा नये!

मग सरांचा तोल गेला, कलंडले ते टेबलाकडेच. मला माझी नोकरी जाताना दिसली हो! घातली उडी मध्ये. सरांचं कोपर नाकावर, डॉक्टरांची बुक्की... तीही नाकावरच. टेबल? तसूभर हललं नाही. फक्त चौथ्या बशीत दोन थेंब पडले. माझ्या रक्ताचे. मी बोललो? छे, कशाला बोलतोय!

आज सकाळी बघतो तर चौथ्या बशीत हे असं फूल, पाकळी न् पाकळी मोजून घ्या. 'हेच माझं औषध,' म्हणून डॉक्टर रडायलाच लागले. पाकीट फोडलं... चौथी बशी, साधं पाणी! सरांनी बाह्या सरसावल्या. म्हटलं, पुन्हा जुंपणार, आणि घाबरून खरं ते सांगून टाकलं.

दोघांनी माझ्या नाकाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. जन्मात दुसऱ्यांदा एकमत! उद्या पुन्हा प्रयोग, चोवीस बशांवर.

मी भीत भीत विचारलं, 'आणि माझी नोकरी?'

सर म्हणाले, 'कायम झाली. फक्त नाक बरं होऊ देऊ नकोस.'