गुरुवारचे बांगडे

गुरुवारी मासे नुसते बघितले तर गुरुवार मोडतो का गं? आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत एकही गुरुवार मोडलेला नाही. आणि मी बाई वार न बघता त्यांना कडावहून मुंबईच्या संग्रहालयात घेऊन गेले, समुद्रावरचे जुने छोटे चित्रपट बघायला.

पहिल्या चित्रपटात नुसत्या लाटा होत्या, तोवर त्या खूश. दुसऱ्यात कोळ्यांनी बांगड्यांचा ढीग किनाऱ्यावर ओतला. सासूबाईंनी झटकन पदर डोळ्यांवर ओढला. जरा वेळाने पदराआडून आवाज आला, "बांगडे ताजे हायेत गं."

"आई, डोळे झाकलेत ना?"

"वासावरनं कळतं."

दिवे लागल्यावर तिथले साहेब म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मी हात धरून बसवणार, तोवर त्या उभ्या राहिल्यासुद्धा.

"साहेब, आज गुरुवार. ही मासळी बघितली तर पाप लागंल का?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "आजी, ही मासळी ऐंशी वर्षांपूर्वीची आहे."

"अगं बाई, मग शिळीच की! परत लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कडावच्या नाक्यावर मासेवालीने पाटी उतरवली, तेव्हा पुढ्यात पहिल्या उभ्या होत्या आमच्या सासूबाई.